आधी दोरी बांधा

पत्र: मी नाशिकला राहतो. दोन वर्षांपूर्वी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. फ्लॅटला पश्चिमेकडे १२ फुटी गॅलरी आहे, तिथे ६४ कुंड्यांची बाग केली आहे. मोगरा, जास्वंद, अडेनियम, अँथुरियम, नेचे, ब्रह्मकमळ, सगळं आहे. (कपड्यांची दोरी तेवढी काढावी लागली, कपडे आता आतल्या खोलीत वाळतात.) या शहराचं मोगलांच्या काळातलं नाव गुलशनाबाद, त्याला शोभेल अशी बाग आहे असं येणारे-जाणारे म्हणतात. पण आमच्या सौ.ला काडीचा रस नाही. गेल्या श्रावणात ब्रह्मकमळाला एकदम ५ फुलं आली. रात्री अकराला हाक मारली, तर म्हणाली, "सकाळी बघेन." ३६ वर्षांच्या संसारात तिच्यात सौंदर्यदृष्टी आली नाही याचं वाईट वाटतं. ती कशी आणावी? शिवाय ब्रह्मकमळाची पानं पिवळी पडून करपतात. त्यावर उपाय असल्यास कळवावा.
– एक निसर्गप्रेमी

निसर्गप्रेमी साहेब,

तुमची ती दोरी आधी कंसाबाहेर काढू या.

कुंड्यांचा आकडा तुम्ही दिलात, फुलांचा दिलात, संसाराच्या वर्षांचाही दिलात. दोरी कुणाला विचारून काढली, ते मात्र पत्रात कुठे नाही. 'काढावी लागली' म्हणे! कुणी लावली काढायला? अँथुरियमने?

घरात कपडे कसे वाळतात याच्याशी तुमचा फारसा संबंध आलेला दिसत नाही, म्हणून सांगते. पश्चिमेच्या गॅलरीत सकाळी अकराला घातलेली चादर दुपारचं ऊन खाते आणि चार वाजता कडकडीत वाळून हातात येते. तीच चादर आतल्या खोलीत दोन-दोन दिवस घेते. एक टोक दारावर, एक खुर्चीच्या पाठीवर. टॉवेल कपाटाच्या दाराला. पंखा दिवसभर चालू, आणि त्या पंख्याखाली कोणता कपडा आधी न्यायचा याचा हिशेब दिवसभर डोक्यात. पावसाळ्यात जाड कपड्यांना कुबट वास येतो, मग ते पुन्हा बादलीत. त्यात तुमचे पायजमेही आलेच.

ब्रह्मकमळ फुललं तो श्रावणच होता ना? म्हणजे दिवसभर ओले कपडे या खोलीतून त्या खोलीत हलवून बाई आडवी झाली होती, आणि तिच्याकडून काढून घेतलेल्या जागेत तुम्ही तिला फुलं बघायला बोलावत होतात. ती 'सकाळी बघेन' म्हणाली याचं तुम्हाला वाईट वाटलं. अहो, ब्रह्मकमळ सकाळपर्यंत मान टाकतं. ज्या बाईने गॅलरीत ब्रह्मकमळाची कुंडी पाहिली आहे तिला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. तिने तुम्हाला उत्तर दिलं होतं. तुम्हाला ते कळलं नाही, इतकंच.

सौंदर्यदृष्टीचं म्हणता, तर दोरी होती तेव्हा ती त्या गॅलरीत दिवसातून दोनदा तरी उभी राहत होती. सकाळी घालायला, दुपारी काढायला. खालचं एखादं झाड, समोरच्या घरातली म्हातारी, गंगापूरच्या बाजूने चढून आलेले ढग, काय काय बघत असेल, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण तेव्हा तुम्ही ऑफिसात होतात. पण बाग अशीच दिसते, दुसऱ्या कामाला गेलेल्या माणसाला, येता-जाता. हाक मारून, टॉर्च धरून दाखवली की ते प्रदर्शन होतं, आणि प्रदर्शनाला 'वा वा' म्हणायला पाहुणे पुरेसे आहेत.

तुमच्या यादीत गुलबक्षी नाही, हे मला फार बोलकं वाटलं. मिऱ्यासारखं काळं बी, विकत घ्यायलाही लागत नाही, कुणाच्याही अंगणात मिळतं. म्हणूनच नसेल. ती दुपार कलल्यावर, चार-पाचच्या सुमाराला उमलते. म्हणजे कपडे काढायच्या वेळेला! मोगऱ्याच्या कळ्याही संध्याकाळीच फुटतात. दोरी जागेवर असती तर त्या वेळी वाळलेल्या कपड्यांचा ढीग खांद्यावर घेऊन तुमची बायको त्याच्या शेजारी उभी असती, आणि तुम्हाला काहीही दाखवावं लागलं नसतं.

आता तुमचं ब्रह्मकमळ. ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. (हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं, त्याच्याशी याचं नातं नाही.) तिथल्या जंगलात ते मोठ्या झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या सावलीत वाढतं. त्याला सकाळचा उजेड चालतो, नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यातलं पश्चिमेचं ऊन सोसत नाही. पानं करपणार नाहीत तर काय होईल? बाजारात यासाठी हिरवी जाळी मिळते. तुम्ही ती आणायला निघालाच असाल. आणू नका. भर दुपारी त्याच्यासमोर एक दुहेरी चादर वाळत असती, तर जाळीची गरजच पडली नसती.

तेव्हा या रविवारी एकच करा. दोरी बांधा. भिंतीतले हुक अजून असतील, नसतील तर ठोकून घ्या. उंची तुमच्या हाताची नको, तिच्या हाताची. दोरीखाली सबंध गॅलरीभर दोन फुटांची वाट मोकळी करा, बादली घेऊन उभं राहता येईल इतकी. त्यासाठी कुंड्या हलवाव्या लागतील, तर अँथुरियम आणि नेचे आधी उचला. त्यांना उन्हापेक्षा आतला उजेडच मानवतो, आणि कपडे बाहेर गेले की आतली खोली रिकामी होणारच आहे, ती त्यांना द्या. तरी जागा पुरली नाही, तर अडेनियमच्या दहा-पंधरा कुंड्या वाटून टाका. सगळी जवळपास सारखीच दिसतात, तुम्ही रागावलात तरी.

बांधून झाल्यावर 'बघ, तुझ्यासाठी केलं' असं म्हणू नका. त्याचं श्रेय मागितलंत तर ती तुमची ६५वी कुंडी होईल. पहिली बादली तुम्हीच वाळत घाला. चादर झटकून, दुमडीवर दुमड जुळवून, कडेला चिमटा लावून. आणि चिमट्यांचा डबा कुठे आहे ते तिला विचारायला जाऊ नका, शोधा.