वाचकांचे प्रश्न : दुकानात वाढणारं मूल

प्रश्न : वय ५१. तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं पुस्तकांचं दुकान आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी पत्नी कर्करोगानं गेली. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हापासून दुकान नुसतं उघडत होतो आणि बंद करत होतो. एप्रिलमध्ये धाकटी बहीण आणि मेहुणे मोटारसायकलच्या अपघातात गेले. त्यांची सहा वर्षांची मुलगी आता माझ्याकडे आहे. तिच्या आजीनंच, म्हणजे मेहुण्यांच्या आईनं, "मामाच सांभाळेल" असं सांगितलं. त्या फार थकल्या आहेत. खूप दिवसांनी सकाळी लवकर उठावंसं वाटतं, आणि तसं वाटल्याचा अपराधही वाटतो. तिला कायद्यानं माझी मुलगी करता येईल का? एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही, असं इथे सगळे म्हणतात. दिवसा ती दुकानातच असते. रात्री झोपत नाही. आई कधी येणार, हे रोज विचारते. काय सांगू?
(पुस्तकविक्रेता, सातारा जिल्हा)

उत्तर : लोक सांगतात ते अर्धं खरं आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. कलम ५७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण तुमच्यासाठी दुसरी वाट आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू होतो. त्यात विधुराला मुलगी दत्तक घेता येते. अटी अशा : तुम्हाला मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात नसावी, तुमच्यात आणि तिच्यात किमान २१ वर्षांचं अंतर असावं, ती अविवाहित आणि पंधरा वर्षांच्या आतली असावी. तुमचं अंतर ४५ वर्षांचं आहे. दोन्ही पालक हयात नसतील तर मुलीला दत्तक देण्याचा अधिकार तिच्या पालनकर्त्याला, न्यायालयाची आधी परवानगी घेऊन, मिळतो. आणि तो तिला स्वतःच दत्तक घेऊही शकतो, असं कलम ९(४) सांगतं.

तरीही आमचा सल्ला असा की दत्तकाला लगेच हात घालू नका. आधी पालकत्वाचा आदेश घ्या. मामा, आजी, आत्या यांपैकी कुणीही कायद्यानं आपोआप पालक होत नाही, मूल घरात कितीही वर्षं वाढलेलं असो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचं प्रतिज्ञापत्र केलं की झालं, असा पुष्कळांचा समज असतो. शाळा ते कदाचित चालवून घेईल. पण बँक, पासपोर्ट कार्यालय आणि विमा कंपनी अडवतात. गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा, १८९० खाली मुलगी जिथे राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. सोबत दोघांचे मृत्यूदाखले, मुलीचा जन्मदाखला आणि आधार, शाळेचं बोनाफाईड, तुमच्या उत्पन्नाचा आणि घराचा पुरावा, आणि जवळच्या नातेवाइकांची संमती जोडा. आजींची संमती लेखी हवीच, पण त्या स्वतः न्यायालयात येऊन बोलल्या तर काम फार सोपं होतं. त्यांना आणणं जमत नसेल तर वकिलांना पहिल्याच भेटीत तसं सांगा.

दत्तकासाठी एखादं वर्ष थांबा असं म्हणण्याला कारण आहे. रीतसर झालेलं दत्तकविधान रद्द करता येत नाही. मुलीचं नाव बदलतं, वडिलांच्या घराशी असलेलं कायद्यातलं नातं तुटतं. सहा महिन्यांत आई, वडील, घर आणि शाळा सुटलेल्या मुलीचं आडनावही लगेच बदलू नये. आजीलाही तेवढा अवधी मिळायला हवा. एक काळजी मात्र मनातून काढून टाका : दत्तकाआधी तिच्या नावावर आलेली मालमत्ता दत्तकानंतरही तिचीच राहते. पुढे दत्तकपत्र केलंत तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या.

थांबता येणार नाही असं एक काम आहे, आणि ते बहुतेकांकडून राहून जातं. अपघातात दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा असतो. अपघात एप्रिलमध्ये झाला असेल तर ऑक्टोबरपर्यंत. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दोन्ही वाहनांच्या विम्याचे तपशील आणि बहीण-मेहुण्यांच्या कमाईचा पुरावा गोळा करा. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी दावेदार राहतो तिथे दावा करता येतो. दाव्यात आजींचं नाव घालायला विसरू नका. त्याही मेहुण्यांच्या वारस आहेत, आणि त्यांना वगळलं तर दावा मध्येच अडकतो. मुलीच्या वाट्याची रक्कम सहसा ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहते.

पैशांचं आणखी दोन ठिकाणी बघा. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करा; मुलीला दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्याच कार्यालयात अनाथ प्रमाणपत्राची चौकशी करा, शिक्षणातल्या आणि सरकारी नोकरीतल्या एक टक्का आरक्षणासाठी ते लागतं. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडता येतं आणि ते नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतो. म्हणून पुन्हा तेच, आधी न्यायालयाचा कागद.

आता तिचा रोजचा प्रश्न. "देवाघरी गेली", "झोपली", "लांब गेली" हे शब्द टाळा. सहा वर्षांचं मूल ते जसेच्या तसे घेतं. झोपली म्हटलं तर झोपायलाच घाबरतं, लांब गेली म्हटलं तर वाट बघत राहतं. तिची रात्रीची जाग यातूनच आली असण्याची शक्यता आहे. साध्या शब्दांत सांगा : "आई आणि बाबा अपघातात वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. या वयाची मुलं स्वतःच्या हट्टाला किंवा भांडणाला दोष देतात आणि ते कुणाला बोलून दाखवत नाहीत. उद्या ती पुन्हा तेच विचारेल. तुम्हीही त्याच शब्दांत उत्तर द्या. विचारून झाल्यावर ती दोन मिनिटांत खेळायला पळाली, तर तिला काही वाटत नाही असं समजू नका. लहान मुलं दुःख थोडं थोडं करूनच करतात. बाहुलीला मारून पुरण्याचा खेळ खेळली तर थांबवू नका, शेजारी बसून राहा.

झोपेसाठी तिच्या घरातली चादर किंवा आईची साडी न धुता आणता आली तर आणा. रोजची वेळ आणि क्रम ठरवून ठेवा : जेवण, दात, एक पुस्तक, दिवा मंद. पुस्तक सलग आठ-दहा दिवस तेच असलं तरी चालेल. पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असण्याचाच तिला आधार असतो. तुम्ही दुकानातली नवनवी पुस्तकं आणाल आणि ती एकच फाटकं पुस्तक मागत राहील, त्यात वाईट वाटून घेऊ नका. अंथरूण ओलं होणं, बोबडं बोलणं, तुम्ही नजरेआड झालात की रडणं हे काही महिने चालू शकतं. खाणं सुटलं, शाळेत बोलणंच बंद झालं, "मलाही आईकडे जायचंय" असं वारंवार म्हणू लागली किंवा सहा महिन्यांनी त्रास कमी होण्याऐवजी वाढला, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो तुमच्यासाठीही आहे.

दुकानातली जागा आजच बदला. कसरीसाठी रॅकमागे डांबरगोळ्या टाकल्या असतील तर सगळ्या काढा. मुलं त्या गोळ्या पेपरमिंट समजून तोंडात घालतात, आणि काही मुलांमध्ये एका गोळीनंही रक्तातल्या पेशी फुटतात. त्याऐवजी रॅक भिंतीपासून दोन इंच पुढे घ्या, म्हणजे मागे हवा खेळती राहील, आणि महिन्याला एकदा पुस्तकं झटका. रॅक वरच्या बाजूला इंग्रजी एल आकाराच्या लोखंडी पट्टीनं भिंतीला आवळा. मूल खालच्या फळीवर पाय देऊन चढतंच. कटर, खोक्यांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, स्टेपलर हे सगळं गल्ल्याखालच्या खणात कुलपात ठेवा. दार थेट रस्त्यावर उघडत असेल तर अडीच फुटी लाकडी फाटक बसवून घ्या.

मग तिला तिचा कोपरा द्या : पाच बाय चार फुटांची सतरंजी आणि तिच्या कमरेइतक्या उंचीची एक फळी. पंचवीस पुस्तकं, सगळी मुखपृष्ठ समोर करून. कणा बाहेर ठेवलेलं पुस्तक सहा वर्षांच्या मुलाला दिसतच नाही. पंधरा दिवसांनी निम्मी बदला. हा कोपरा गिऱ्हाइकांच्या मुलांनाही खुला ठेवा. मूल बसलं की आईबाप थांबतात, आणि बालपुस्तकांची विक्री अशीच वाढते. तालुक्याच्या बहुतेक दुकानांत ही पुस्तकं अजून वरच्या फळीवर गठ्ठ्यातच पडून असतात. 'किशोर' मासिकाचा चालू अंक नेहमी ठेवा. तिच्या हाताळण्यानं मळलेल्या प्रती हिशेबात वेगळ्या लिहा. प्रकाशक त्या परत घेणार नाही, म्हणून महिन्याला तेवढी रक्कम आधीच धरून चाला. दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद ठेवत असाल तर ती सवय मोडू नका, तेच तुमचं दोघांचं जेवण आणि झोप. मेअखेर ते जूनअखेर शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत मात्र मुलीला दुकानात ठेवू नका. एक महिन्यासाठी मदतनीस लावा, आणि ते दिवस आजीकडे जाण्याचे ठरवून टाका.

अपराधाचं एवढंच सांगतो. बहिणीच्या जाण्यानं तुम्हाला आनंद झालेला नाही. एका मुलीला तुमची गरज पडली आणि तुम्ही उठलात. फक्त ते ओझं तिच्यावर जाऊ देऊ नका. "तू आलीस म्हणून मी जगलो" हे वाक्य प्रेमाचं असलं तरी तिच्यासमोर बोलू नका. सहा वर्षांच्या मुलीला ते आयुष्यभर निभावावं लागेल असं वाटतं.

प्रश्न : आमचं बसस्टँडजवळ पुस्तकं-मासिकांचं दुकान आहे. वर्षभरापूर्वी तरुण मुलगा गेला. मागच्या महिन्यात ओळखीच्या दुकानदाराच्या पायरीवर कुणी तान्हं बाळ ठेवून गेलं. तेव्हापासून मनात येतं, असं बाळ आपल्याकडे आलं तर आपणच वाढवावं. मी ५२, पत्नी ४८.
(जालना)

उत्तर : तुमचं दुःख समजतं, पण उत्तर स्पष्ट आहे. सापडलेलं बाळ ठेवून घेता येत नाही. १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. कायद्यानं चोवीस तासांच्या आत कळवावंच लागतं, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड होऊ शकतो. बाळ थंड किंवा निळसर असेल तर आधी रुग्णवाहिकेसाठी १०८. माणसं येईपर्यंत कोरड्या कपड्यानं पुसा, डोकं झाका, कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घाला. आंघोळ नको. मध, पाणी, गुटी काहीही नको. नाळ ओढू नका. अंगावरचे कपडे, चिठ्ठी, पिशवी जपून पोलिसांकडे द्या. पुढे त्या बाळाला स्वतःबद्दल तेवढंच कळणार असतं.

बाळ बालकल्याण समितीपुढे जातं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे पालक शोधायला दोन महिने असतात, त्यानंतर ते दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं आणि 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, यादीतल्या पालकांकडे क्रमानं जातं. सापडलं त्यालाच द्यायचं असा नियम नाही, आणि तो नाही हे बरं आहे. तसा असता तर मुलं 'सापडवणारे' निघाले असते.

तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज १०० होते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० पेक्षा जास्त चालत नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी मर्यादा १०० आहे, म्हणजे तुम्ही आज काठावर आहात. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात. आठ ते अठरासाठी ११०. मोठी मुलं वाट बघत असतात आणि त्यांना घरं मिळत नाहीत. पण वर्षभरापूर्वी मुलगा गेला आहे, हे गृहभेटीच्या अहवालासाठी येणाऱ्या समाजसेविकेला मोकळेपणानं सांगा. गेलेल्या मुलाची खोली, त्याचं नाव, त्याच्या वह्या नव्या मुलावर लादायच्या नाहीत, एवढी तयारी दोघांची झाली असेल तरच नोंदणी करा. नसेल तर प्रतिपालकत्वाची, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ सांभाळण्याची (फॉस्टर केअर), चौकशी करा. तिथे वयाच्या अटी वेगळ्या आहेत.

प्रश्न : वहिनी गेल्यावर भावानं पुस्तकांचं दुकान आठ महिने बंद ठेवलं. वहिनींचा पहिल्या लग्नातला मुलगा, अकरा वर्षांचा, आजोळी असायचा. त्याचे वडील हयात नाहीत. तो आता भावाकडे राहायला आलाय, आणि भावानं दुकान पुन्हा उघडायचं ठरवलंय. आनंदच आहे. पण भाऊ वहिनींचं नावही काढत नाही आणि मुलालाही काढू देत नाही. दुकानाचं पुन्हा कसं करायचं, हेही सुचत नाही.
(नागपूर)

उत्तर : सावत्र वडीलही कायद्यानं आपोआप पालक नसतात, तेव्हा पहिल्या उत्तरातला न्यायालयाचा भाग भावाला वाचायला द्या. नाव न काढण्याचं म्हणाल, तर अकरा वर्षांचा मुलगा त्याचा अर्थ "आईबद्दल बोललं तर हे घरही जाईल" असा लावतो. तुम्ही आत्या आहात, सुरुवात तुम्हीच करा. जेवताना सहज म्हणा, "तुझ्या आईला ही भाजी आवडायची." भाऊ उठून गेला तरी चालेल, पुढच्या वेळी बसेल.

दुकान पावसाळ्यातून बंद होतं, तेव्हा आधी दोन दिवस शटर आणि खिडक्या उघड्या ठेवून पंखे लावा. बुरशी आलेली पुस्तकं बाजूला काढून सावलीत उभी करून सुकवा, मग तोंडाला मास्क बांधून बाहेर, मऊ ब्रशनं झाडा. ओलसर असताना पुसलं तर डाग कागदात मुरतो. कडक उन्हात ठेवलं तर बांधणीचा डिंक सुटतो. शालेय पुस्तकांत पहिलीचा जुना साठा रद्दीत जाईल, कारण २०२५-२६ पासून पहिलीची पुस्तकं बदलली आहेत. इतर इयत्तांची यादी बालभारतीच्या भांडारातून तपासून घ्या. प्रकाशकांना फोन करण्याआधी प्रत्येकाचं देणं आणि परत करता येतील अशा कोऱ्या प्रती एका कागदावर लिहा. आठ महिने गप्प राहिलेल्या विक्रेत्याचा पहिला फोन माल मागण्यासाठी आला तर प्रकाशक बिथरतात, देणं सांगण्यासाठी आला तर हप्ते बांधून देतात. मोजणीत मुलाला घ्या. तो नावं वाचेल, भाऊ लिहील, दिवसाला दोन रॅक.

आणि उधारीची वही वहिनींच्या हातची असेल, तर नवीन वही घालताना जुनी फेकू देऊ नका. निम्मी वसुली तिच्यावरूनच होईल, आणि मुलाला आईचं अक्षर बघायला मिळेल.