घरच्या वायफायचे पैसे भाडेकरूंकडून घेतले तर चालतं का?

तुम्ही विचारलंय, नंदनवनच्या घरात वर चार विद्यार्थी भाड्यानं राहतात, ब्रॉडबँड एकच, तर प्रत्येकी २०० रुपये घ्यावे का.

नका घेऊ. घरगुती कनेक्शन पुढे विकणं कंपन्यांच्या अटींत बसत नाही, आणि परवानगीशिवाय इंटरनेट विकणं कायद्यातही बसत नाही. पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. केवायसी तुमच्या नावावर आहे. कुणी भलतंसलतं केलं तर आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या ओळख क्रमांकावरून, पोलीस आधी तुमच्याच दारात येणार. २००८ मध्ये अहमदाबाद बाँबस्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि चौकशीला तिथं राहणाऱ्यालाच तोंड द्यावं लागलं. आमच्या मानेवाड्याच्या घरी पासवर्डची चिठ्ठी जिन्यात, मीटरच्या पेटीवर चिकटवलेली असायची. कुरिअरवालाही वाचून जायचा. हे वाचल्यावर ती फाडली आणि पासवर्ड बदलला.

शिवाय 'अनलिमिटेड' प्लॅनलाही मर्यादा असते, बऱ्याच कंपन्यांत महिन्याला ३३०० जीबी. त्यानंतर स्पीड पडतो.

पोरांना त्यांच्या नावावर वेगळं कनेक्शन घेऊ द्या. खाली दुकान असेल आणि वायफाय विकायचंच असेल, तर केंद्राची २०२० ची सार्वजनिक वायफायसाठीची पीएम-वाणी योजना बघा, त्यात दुकानदाराला परवाना लागत नाही.