सोलापुरातलं जुनं दगड-मातीचं घर: दुरुस्त करावं की पाडून नवं बांधावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साखर पेठेत आजोबांच्या काळातलं घर. खालचा मजला दगड-मातीचा. 1986 साली वडिलांनी माळवद (लाकडावर माती पसरलेलं सपाट छप्पर) उतरवून स्लॅब टाकला आणि वर दोन खोल्या चढवल्या. आता खाली ओल चढते, भिंतीला तिरके तडे गेलेत, स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात. गुत्तेदार म्हणतो पाडा, वडील म्हणतात डागडुजी करा.

मी सोलापुरातच स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि माझं बरंचसं काम पेठांमधल्या जुन्या घरांचं असतं. घर न बघता शेवटचा शब्द देता येत नाही, पण कुठे बघायचं ते सांगतो. तुमचं सगळ्यांचं लक्ष स्लॅबच्या सळयांकडे लागलंय. स्लॅब दुरुस्त होतो. तो ज्या भिंतीवर बसलाय ती कशी आहे, यावर तुमचा निर्णय ठरणार आहे.

आधी वडिलांना एक गोष्ट विचारा: माळवद उतरवताना आतले लाकडी खांब काढले होते का? आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या घरांत माळवदाचं वजन खांब आणि तुळयांवर, म्हणजे खणांवर असायचं; दगडी भिंत फक्त आडोशाला. स्लॅब टाकताना गवंड्याने खांब काढले आणि स्लॅब सरळ भिंतीवर टेकवला, असं त्या काळात पुष्कळ ठिकाणी झालंय. जिने कधी छप्पर पेललंच नव्हतं, त्या भिंतीवर स्लॅब, वरच्या खोल्यांच्या विटा आणि पुन्हा वरचा स्लॅब असं सगळं येऊन बसलं. स्लॅब माळवदापेक्षा जड असतो अशी लोकांची समजूत आहे, ती बरोबर नाही. एक फूट मातीचं माळवद चौरस मीटरला साधारण 500 किलो भरतं, चार इंची स्लॅब 250 किलोच्या आसपास. पण माळवदाचं ते ओझं कुणाच्या खांद्यावर होतं, हे महत्त्वाचं.

आता भिंत उघडून बघा. जोत्याच्या, म्हणजे घराच्या चौथऱ्याच्या जरा वर, कोपऱ्याजवळ, दोन फूट बाय दोन फूट गिलावा काढा. दगडांच्या सांध्यात चुना असेल आणि किल्ली खुपसून तो सहज निघत नसेल, तर आशा आहे. माती असेल, तर ती ओली आहे की कोरडी भुगा झाली आहे ते बघा. गेल्या वर्षी अशाच एका घरात गिलावा निघाला आणि मागोमाग माती पिठासारखी खाली सांडत राहिली. दगड जागेवर होते ते केवळ एकमेकांवर रेलून. वरून मात्र सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आणि ऑइल पेंट. हा सिमेंटचा गिलावा पेठांमधल्या कितीतरी घरांचं नुकसान करतोय. जमिनीतून चढलेली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही, भिंतीतच मुरते आणि माती सैल करते. दुरुस्तीचा मार्ग धरलात, तर खालच्या भिंतींना पुन्हा सिमेंट फासू देऊ नका, चुन्याचा गिलावा करून घ्या.

गिलावा काढलेल्या त्याच जागी आणखी एक बघायचं. आपली दोन फुटी भिंत म्हणजे बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये खडी-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड, म्हणजे जोडदगड, मधूनमधून लागतात. ते नसले की धक्क्यासरशी दोन थर दोन दिशांना सुटतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला हेच झालं. 6.2 चा भूकंप, जगाच्या हिशेबात मध्यम. पण मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि सोलापूर भूकंप क्षेत्र 3 मध्ये धरलं जातं. तुमचे वडील त्या पहाटे अंथरुणातून उठून बाहेर आले असतील, तर त्यांना वेगळं समजावावं लागणार नाही.

तड्यांचं म्हणाल, तर घाई करू नका. तड्यावर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा अजून वाढतोय. उन्हाळ्यात तडा उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो असं दिसलं, तर दोष भिंतीचा नसून खालच्या काळ्या मातीचा. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. त्यासाठी घर पाडावं लागत नाही. बाहेरून भिंतीलगत पाणी मुरू न देणारी फरसबंदी, गळका ड्रेनेज पाइप बदलणं आणि मुख्य म्हणजे जमिनीतला हौद तपासणं. आपल्याकडे वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येत आलंय म्हणून घरोघरी हौद आहेत. हौद भरून रात्रभर तसाच ठेवा, सकाळी पातळी मोजा. ती खाली गेली असेल, तर घराच्या पायाला कोण पाणी पाजतंय ते कळेल.

स्लॅबचं थोडक्यात सांगतो. सळईजवळचं काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉलफ्थॅलिन नावाचं रसायन मारतात. गुलाबी झालं तर काँक्रीट सळईला अजून सांभाळतंय. रंगच आला नाही तर गंज वाढत जाणार. थोड्या जागी असेल तर सळई घासून, गरज असेल तिथे जोड देऊन, पॉलिमर मॉर्टरने (दुरुस्तीच्या खास सिमेंट-मिश्रणाने) भरता येतं. सगळीकडे असेल आणि स्लॅब खाली वाकलेला असेल, तर त्यावर पैसे घालू नका.

म्हणून माझं मत असं. मातीतली भिंत, जोडदगड नाहीत, खांब काढलेले आणि वर मजला, हे सगळं तुमच्या घरी निघालं तर वडिलांना न दुखावता, पण ठामपणे सांगा की पाडलेलं बरं. तसं पाहिलं तर वरच्या खोल्या उतरवून, हलकं छप्पर घालून, भिंतींना सभोवार पट्टे आणि आरपार जोड देऊन खालचं घर वाचवता येतं. किल्लारीनंतर अशी पुष्कळ घरं मजबूत केली गेली. पण मग वरची जागा गेली, आणि कुटुंबाला ती लागतेय असं तुम्ही लिहिलंय. उलट चुन्यातली भिंत, शाबूत खांब आणि ठरावीक जागीच गंज असं निघालं, तर गुत्तेदाराचं ऐकू नका. त्याला पाडकामात सागवानही मिळतं आणि पुढचं बांधकामही. मी स्वतः दुरुस्तीचा अंदाज नव्या बांधकामाच्या निम्म्याच्या वर गेला की थांबायला सांगतो.

पाडायच्या आधी मात्र कागद. हे लोक शेवटी करतात आणि अडकतात. सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी नकाशा काढा, आजोबांचंच नाव असेल तर वारसांच्या नोंदी आधी. मग महापालिकेत रस्तारुंदीची रेषा तुमच्या प्लॉटवरून जाते का ते विचारा. आत्ताचं घर गल्लीच्या कडेला टेकून उभं असेल, पण नवा नकाशा डिसेंबर 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे मंजूर होणार. पुढून जागा सोडावी लागली की पेठेतल्या चिंचोळ्या प्लॉटवर एक खोली जाते. जागा किती उरते हे आर्किटेक्टकडून कागदावर आखून घेतल्याशिवाय घरात पाडण्याचा विषयही काढू नका. खाली जुना भाडेकरू असेल, तर भाडे नियंत्रण कायदा 1999 आहे, वकिलाला भेटा. आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल प्रमाणपत्र महापालिका कायद्याने घ्यावंच लागतं, तेव्हा तपासणीचा खर्च वाया जात नाही.

कर्ज काढणार असाल तर हेही बघा: जुनी करपद्धती घेणाऱ्याला राहत्या घराच्या बांधकाम-कर्जाच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते, दुरुस्तीच्या कर्जावर फक्त 30,000.

शेजाऱ्यांची भिंत सामाईक असेल, तर पाडकामाआधी त्यांच्या घरातले तडे त्यांच्यासमोरच फोटोत घ्या, दोघांच्या सह्यांनिशी. तुमची भिंत गेली की त्यांची उघडी पडते, तिला टेकू द्यावा लागतो, आणि नव्या घराच्या कॉलमचे खड्डे एकदम न खणता एकाआड एक खणावे लागतात. करारात टेकूचा खर्च कुणाचा आणि सागवान, दगड, शहाबादी फरशी कुणाची, हे लिहून घ्या. ते दगड नव्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला वापरा. एप्रिल-मेच्या उन्हात सहा इंची भिंतीच्या खोलीत दुपारी थांबवत नाही.

हे सगळं व्हायला महिने जातील. तोवर एक काम याच आठवड्यात करा. वर पाण्याची टाकी असेल तर ती खाली जमिनीवर आणा. 1000 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच एक टन असतं, आणि तडे असलेल्या भिंतीच्या माथ्यावर ते आत्ता ठेवायला नको. सळया दिसतात त्या खोलीत स्लॅबखाली लोखंडी जॅक (टेकू) लावून घ्या, आणि वडिलांची कॉट तिथे असेल तर ती दुसऱ्या खोलीत हलवा.