‘18 टक्क्यांनी’ वाढला म्हणजे किती वाढला?

प्रश्न : ‘रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो.’ म्हणजे खाणाऱ्या शंभरातल्या 18 जणांना कर्करोग होतो का?

उत्तर : नाही. ‘टक्क्यांनी’तला ‘नी’ फक्त वाढ सांगतो. वाढून आकडा कुठे पोचला, हे ‘वर’ सांगतो आणि कुठून निघाला, हे ‘वरून’. बातमीत बहुतेक वेळा एकटा ‘नी’ असतो, कारण मोठा आकडा त्याच्यापाशी असतो.

हा 18 चा आकडा ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों (फ्रान्स) इथल्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला. ब्रिटनमध्ये शंभरातल्या साधारण 6 जणांना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो. 6 चे 18 टक्के म्हणजे 1.08. तेव्हा ‘6 वरून 7 वर’, इतकीच ती वाढ. 18 थेट मिळवले तर 24 होतात. घाईत वाचणारा तेच करतो.

त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याच वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर ‘टक्क्याने’चा हिशेब वेगळा असतो. फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 6.50 वरून 6.25 टक्क्यांवर आला, तेव्हा ‘पाव टक्क्याने कपात’ असेच छापून आले. तिथे सरळ वजाबाकी आहे. आरोग्याच्या पानावरची रीत लावली तर ही कपात जवळजवळ 3.85 टक्क्यांची भरेल! अर्थाच्या पानावर निदान दोन्ही दर शेजारी असतात, म्हणून घोटाळा होत नाही. अशा सरळ वजाबाकीसाठी ‘टक्केबिंदू’ हा शब्द आहे, पण मथळ्यात तो फारसा दिसत नाही.

मांसाच्या त्या बातमीतला दुसरा घोळ ‘तंबाखूइतकेच घातक’ हा. संस्थेने दोन्ही पदार्थ पहिल्या गटात टाकले, हे खरे. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, अपाय किती मोठा ते नाही. इथे ‘तंबाखूइतकाच पक्का पुरावा’ एवढेच म्हणता येते. ‘इतकेच’ चुकीच्या विशेषणाला चिकटले, बाकी काही नाही.

वाक्य असे लिहावे : ‘शंभरातल्या 6 जणांना होणारा हा कर्करोग, सगळ्यांनी रोज 50 ग्रॅम असे मांस खाल्ले तर, साधारण 7 जणांना होईल.’ मथळ्याला लांब पडते, पण उपमथळ्यात बसते.