इंदूर–नाशिक, 40 युनिटची इलेक्ट्रिक गाडी: पहिला थांबा सेंधव्याला

40 युनिटची बॅटरी, चार माणसं, सामान, साधारण 410 किमी. एका चार्जिंगवर जमेल का, असं विचारलंय. नाही जमणार. दोन मोठे थांबे आणि एक छोटा धरा.

कंपनीचा रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगवर किती किमी जाईल तो, आकडा बाजूला ठेवा. एबी रोडवर (आग्रा-मुंबई महामार्गावर) 80-90 च्या वेगात, एसी लावून, युनिटला 6 किमी धरून चाला. 100 ने पळवलीत की 5 वर येतं.

इंदूरहून शिरपूर 200 किमीच्या थोडं पुढे, म्हणजे पोचताना 15 टक्के उरतील. कागदावर बेत बरा दिसतो, पण तिथला चार्जर बंद निघाला तर पुढे धुळं आणखी 50 किमी. त्यापेक्षा 150 किमीवर सेंधव्याला थांबा. 37 टक्के हातात असतील. मशीन बंद असलं तरी बिजासन घाट उतरून शिरपूर आरामात गाठाल. मग धुळ्याला पुन्हा 80 टक्क्यांपर्यंत चार्ज करा. पुढे राहुड घाटाचा चढ आहे, म्हणून मालेगाव किंवा चांदवडला पंधरा मिनिटं. धुळ्यातच 100 करत बसू नका, 80 नंतर चार्जिंगचा वेग फार पडतो.

60 किलोवॅटच्या दोन गनच्या (गाडीत लावायच्या चार्जिंग प्लगच्या) मशीनवर शेजारी गाडी लागली की बऱ्याचदा 30-30 वाटून मिळतात. चार्जिंग सुरूच होत नसेल तर आधी लाल इमर्जन्सी बटण पाहा, कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं, फिरवून सोडवा. नंतर गन. जाड केबलच्या वजनाने ती खाली ओढली जाते, म्हणून हाताने किंचित वर उचलून टक् आवाज येईपर्यंत दाबा आणि सेशन सुरू होईस्तोवर तशीच धरा. ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे घरूनच भरून ठेवा, घाटात नेटवर्कचा भरवसा नाही.

नाशिकला पाहुण्यांकडे 15 अँपिअरच्या पिनवर दहा तासांत 25-28 युनिट येतील. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर फॉल्ट दाखवून थांबतो. साधा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, प्लग वितळतो.

परतीचं गणित वेगळं. खलघाटहून इंदूर 80 किमी, पण मानपूरच्या घाटात सुमारे 400 मीटर चढ. माणसांसकट दोन टनांची गाडी वर न्यायला अडीच युनिट जास्तीचे जातात, म्हणजे 15 किमीची वजावट. म्हणून येताना सेंधव्यात 80 वर न थांबता 90 करूनच निघा.