पहाटेची ठिणगी आणि माटोळी

*ताई, मी फोंड्याजवळच्या एका गावात राहते. वय ४९. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून पहाटे चारला उठून लोबान घालते, ‘या नूर’ (हे प्रकाशा) असा सूफी जिक्र, म्हणजे नामस्मरण, करते, पारशांचं ‘हुमत, हुख्त, हुवर्श्त’ म्हणते. शेवटी ग्नॉस्टिकांसारखं, म्हणजे आत्मज्ञानातून सुटका शोधणाऱ्या त्या जुन्या पंथांसारखं, ध्यान: देह ही कोठडी, आतली ठिणगी वर निघालीय. आता घरातलं काहीच नकोसं झालंय. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायलाही मी खोलीबाहेर आले नाही. नवरा म्हणतो, तू धर्म सोडलास. सासूबाई बोलतच नाहीत. माझं चुकतंय का?*

सप्रेम नमस्कार.

धर्म सोडलात असं मला मुळीच वाटत नाही. सूफी वाट आणि जुन्या इराणचा प्रकाश एकत्र आणणारे इराणी तत्त्वज्ञ सुहरावर्दी बाराव्या शतकात होऊन गेले. ११९१ साली सीरियातल्या अलेप्पोत त्यांना मृत्युदंड झाला, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या मुसलमान संत शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना आपलं मानलं. तेव्हा सरमिसळीला भिऊ नका.

पण तुमच्या पहाटेचा तिसरा भाग पहिल्या दोघांना गिळतोय.

१९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ रांजणात सापडलेल्या ग्नॉस्टिक पोथ्यांपैकी कितीतरींत हे जग एका अज्ञानी निर्मात्याने घडवलेलं आहे, त्यातून सुटायचं आहे. पारशांच्या जरथुश्त्राची शिकवण याच्या नेमकी उलट. जग ही अहुर मझ्दाची, म्हणजे परमेश्वराची, चांगली निर्मिती. पाणी, माती, अग्नी जपायचे. संसार टाकून जाण्यात तिथे पुण्य नाही. तुम्ही रोज म्हणता त्या तीन शब्दांतला पहिला चांगला विचार, दुसरा चांगली वाणी आणि तिसरा चांगली कृती. कृतीला हात लागतात, ताई. सूफीही ‘फना’वर थांबत नाहीत. त्यानंतर ‘बका’ येते, म्हणजे देवात विरून गेलेल्याने पुन्हा माणसांत येऊन राहायचं.

आणखी एक. पत्रात आईबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, बाकी सगळं पहाटेबद्दल आणि कोठडीबद्दल. मला वाटतं, कोठडी पोथीतून आलेली नाही. आई गेल्यावर घरच तसं झालं. त्या दुःखाला तुम्ही तत्त्वज्ञानाचं नाव दिलंत.

महिनाभर ते ठिणगीचं ध्यान बंद ठेवा. बाकीचं चालू द्या. जिक्र परंपरेत मुर्शिदाकडून, म्हणजे गुरूकडून, घेतात. तुमचा कुणी मुर्शिद नाही, तेव्हा स्वतःला सूफी म्हणवू नका. ही माझी पहाटेची प्रार्थना, एवढंच म्हणा. नवऱ्यालाही तेवढंच सांगा, वाद नको.

सासूबाईंना मात्र काही समजावू नका. उद्या धुपाटण्यात निखारे त्यांच्याकडून घालून घ्या. पुढच्या चवथीला मावळिंगाची फळं आणि सुपारीचे घड आले, की माटोळीच्या काठीचं एक टोक तुम्ही धरा. आणि मला पुन्हा लिहा. या वेळी आईबद्दल. तिच्या हातचं काय आठवतं, ते लिहा.