कारल्याचा वेल, शतकोटीचं बीज आणि दोन ओंडके

यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि बरीचशी गणपती ते नवरात्र या दिवसांतली आहेत. साहजिकच आहे, एरवी जी गाणी वर्षभर आठवतही नाहीत ती या दिवसांत रोज तोंडात असतात आणि म्हणता म्हणता एखाद्या ओळीशी आपण अडतो. सगळी पत्रं घेता आली नाहीत, पण जी घेतलीत त्यांना जमेल तेवढं नीट उत्तर द्यायचा प्रयत्न केलाय.

ताई, आमच्या सोसायटीच्या गणपतीत शंकराच्या आरतीवरून चर्चा रंगली. 'शतकोटीचे बीज वाचे उच्चारी' यातलं बीज कुठलं? कुणी म्हणालं ओंकार, कुणी म्हणालं शंभर कोटी मंत्रांचा जप. नक्की काय? (एक वाचक, कोथरूड)

ते बीज म्हणजे 'राम'. पण एवढं सांगून भागणार नाही, कारण यामागची गोष्ट फार सुंदर आहे आणि ती माहीत नसली तर ही ओळ नुसती टाळ्यांच्या ठेक्यावर निघून जाते. ज्यांनी लहानपणी तिन्हीसांजेला देवापुढे बसून रामरक्षा म्हटलीय त्यांच्या कानावरून शतकोटी शेकडो वेळा गेलेलं आहे, 'चरितं रघुनाथस्य शतकोटिप्रविस्तरम्', रामाचं चरित्र शंभर कोटी श्लोकांएवढं विस्तारलेलं. परंपरेतली कथा अशी की वाल्मीकींनी हे एवढं रामायण रचलं आणि ते आम्हालाच हवं म्हणून देव, दानव आणि माणसं भांडायला लागली, भांडण शंकराकडे गेलं आणि शंकराने सरळ तीन वाटण्या केल्या. आता कागद घेऊन गणित कराच. शंभर कोटींचे तीन भाग केले की प्रत्येकाला ३३ कोटी ३३ लाख ३३ हजार ३३३ श्लोक येतात आणि एक श्लोक उरतो. तो अनुष्टुभातला, म्हणजे ३२ अक्षरांचा. त्याचीही वाटणी झाली, प्रत्येकी १० अक्षरं, ३० गेली, उरली दोन. ती दोन अक्षरं शंकराने निवाडा केल्याबद्दल स्वतःकडे ठेवून घेतली, रा आणि म.

आता ही ओळ आरतीत कुठे येते ते बघा, कारण खरी मजा तिथे आहे. त्याच्या आधीच्या कडव्यात समुद्रमंथन आहे, हलाहल वर आलं आणि शंकर ते प्यायला, गळा निळा झाला. विषाचा तो दाह रामनामाने शांत झाला असं आपल्याकडे किर्तनकार पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, म्हणून विषाच्या लगेच पुढच्या कडव्यात ते बीज शंकराच्या वाचेवर येतं. आणि हे लिहिणारा कोण, तर रामदास! आयुष्यभर रामाशिवाय दुसरं काही न पाहिलेला माणूस शंकराची आरती लिहितोय, त्याने ती 'रघुकुलतिलक रामदासा अंतरी' अशी संपवलीय. म्हणजे ज्याची आरती ओवाळायची तो देवही रामाचंच नाव घेतो आणि आरती म्हणणाराही. रामरक्षेच्या शेवटी 'राम रामेति रामेति' हे कोण कुणाला सांगतंय आठवा, शंकरच पार्वतीला सांगतोय. मला तर वाटतं रामदासांनी हे कडवं लिहिताना समोरच्यांना रामरक्षा पाठ आहे हे धरूनच चाललं होतं, अशा लोकांना एका शब्दाची खूण पुरते. यंदा म्हणताना तिसऱ्या कडव्यापासून जरा सावकाश म्हणून बघा.

'घालीन लोटांगण' गणपतीपुढे म्हणतो पण त्यात गणपती कुठेच नाही, असं का? (सिंहगड रोड)

कारण ते एक गाणं नाहीच, पाच ठिकाणचे तुकडे एकापुढे एक आलेत. पहिलं नामदेवांचं, 'म्हणे नामा' आहेच त्यात, आणि ते विठ्ठलासमोरचं आहे. 'त्वमेव माता' पांडवगीतेतलं, 'कायेन वाचा' भागवताच्या अकराव्या स्कंधातलं, 'अच्युतं केशवं' शंकराचार्यांच्या अच्युताष्टकातलं आणि 'हरे राम' कलिसंतरण उपनिषदातलं. सगळं विष्णूकडचं. आरत्या संपल्या की आता सगळं तुझ्या पायाशी टाकलं, हे म्हणायची ती जागा आहे, त्यामुळे कुठल्याही देवापुढे चालतं. आणि आरत्यांच्या शब्दांवरून वाद होतातच म्हणून तेही सांगून टाकते, गणपतीच्या आरतीत 'संकष्टी पावावे' नाही, 'संकटी पावावे' आहे, आणि 'फळीवर वंदना' नाही, 'फणिवरबंधना' आहे, पोटाला नाग बांधलेला तो.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आमच्या पार्किंगमध्ये भोंडला होतो, तिने 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा' ऐकून विचारलं की आई, ती आजी तिला घरी का जाऊ देत नाही? मला उत्तर देता आलं नाही. सासुरवासाची ही गाणी आता मुलींना शिकवावीत का? मैत्रिणी म्हणतात बंद करा. (एक आई, बिबवेवाडी)

तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारलाय तोच त्या गाण्याचा प्रश्न आहे, आणि ते गाणं ज्यांनी रचलं त्या मुली तिच्याच वयाच्या होत्या हे तिला सांगा. १८९१ साली कायदा झाला तेव्हा संमतीवय, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्याने मुभा असलेलं वय, दहावरून बारा वर्षांवर गेलं आणि एवढ्याशा गोष्टीवरून पुण्यात केवढा गदारोळ झाला होता. मुलीच्या लग्नाचं वय चौदा करायला १९२९चा शारदा कायदा यावा लागला. म्हणजे या गाण्यातली सून आपण मनात उभी करतो तशी पंचविशीतली बाई नाही, ती परकर सोडून नुकतीच लुगडं नेसायला लागलेली पोर आहे जिला आईची आठवण येतेय.

आता सासू काय म्हणते ते नीट ऐका. ती नाही म्हणतच नाही! ती म्हणते वेल लाव, मग जा. वेल लावला, तर म्हणते त्याला फूल येऊ दे, मग कारलं येऊ दे, मग भाजी कर. बी टोकल्यापासून कारलं हातात यायला साधारण दोन महिने लागतात, बागकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. श्रावणात पंचमीला माहेरी जायचं म्हणून जिने विचारलं तिचं कारलं लागेपर्यंत आश्विन उजाडतो, पंचमी तर गेलीच, गौरीपण गेल्या. ज्या बायकांनी ही ओळ रचली त्यांना शेती माहीत होती, त्यांनी उगाच सुचली म्हणून भाजी निवडलेली नाही असं माझं ठाम मत आहे. आणि एवढं करून झाल्यावर परवानगीची फेरी सुरू होते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार, सासरा म्हणतो दिराला विचार, दीर म्हणतो नणंदेला. अख्खं घर एकमेकांकडे बोट दाखवतं आणि नकार कुणाच्याच नावावर लागत नाही. घर कसं चालतं हे इतकं अचूक सांगणारं दुसरं गाणं मला तरी पटकन आठवत नाही.

पण गाणं कळायला शब्दांपेक्षा ते कुठे म्हणतात हे बघावं लागतं. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा किंवा ठेवायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. या फेरात पुरुष नाहीत आणि बहुतेक वेळा सासूही नाही, कारण लग्न झालेल्या पोरी माहेरी आलेल्या असायच्या. म्हणजे जिला माहेरी जाऊ देत नाहीत तिचं गाणं माहेरच्या अंगणात म्हटलं जातंय, पोचलेल्या पोरी मागे राहिलेल्यांचं गाणं म्हणतायत, आणि शेजारी जी अजून परकरातली आहे तिला कळतंय की पुढे काय आहे. आणि एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, सासूच्या ओळीही याच मुली म्हणतात. फेरात तिच्या आवाजात तिच्यासारखं ठसक्यात बोलून बघायची ही एकच जागा होती, घरी तसं बोलली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको.

'अरडी गं बाई परडी' घ्या, सासरा येतो पाटल्या घेऊन, ती म्हणते मी घेत नाही, सांगा मी येत नाही, चारी दरवाजे लावा, झिपरं कुत्रं सोडा! मग एकेक जण काहीतरी दागिना आणतो आणि ती प्रत्येकाला हाकलते, शेवटी नवरा येतो तेव्हा जाते. आठ-दहा वर्षांच्या सुनेने सासऱ्यावर कुत्रं सोडायची भाषा करायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवत तिला साथ द्यायची, हे दुसरीकडे कुठे शक्य होतं?

जात्यावरही हेच. पहाटे घर झोपलेलं असताना बाई एकटी किंवा जावेबरोबर दळायला बसायची, जात्याच्या घरघरीत ती काय म्हणतेय ते आत ऐकू जायचं नाही, म्हणून ओवीत जे आलंय ते दिवसा कधीच बोललं गेलेलं नाही. सीतेचा वनवास ओव्यांमध्ये पुन्हा पुन्हा का येतो ते यावरून कळतं, सीतेचं नाव घेऊन स्वतःचं सांगता येतं. आपल्या पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मुळशी-मावळच्या बायकांपासून सुरुवात करून राज्यभरातून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, वेळ काढून त्यातल्या थोड्या तरी ऐका.

त्यामुळे बंद करू नका. मुलीला सांगा की पूर्वी तुझ्याएवढ्या मुलींची लग्नं व्हायची, त्यांना आईकडे जायला चार जणांची परवानगी लागायची आणि हे त्यांना आवडायचं नाही म्हणून त्यांनी गाणं केलं. नऊ वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं. आणि शेवटपर्यंत म्हणा, बऱ्याच घरांत शेवटी फणी येते, वेणी घातली जाते आणि ती माहेरी निघते. वेळ नाही म्हणून आपण मधेच थांबतो आणि ती बिचारी कायमची सासरी अडकून राहते.

गीतरामायणातलं 'पराधीन आहे जगती' माझ्या वडिलांना फार आवडायचं. ते गेल्यावर मला ते ऐकवत नाही, फार हताश वाटतं. दोन ओंडक्यांची ओळ गदिमांची आहे की जुनी? (सदाशिव पेठ)

तुमचं दुःख ताजं आहे तेव्हा सावकाश वाचा. प्रतिमा जुनी आहे, वाल्मीकी रामायणातल्या अयोध्याकांडात राम भरताला हेच सांगतो, महासागरात दोन लाकडं एकत्र येतात, थोडा वेळ सोबत वाहतात आणि वेगळी होतात, तशीच बायको, मुलं, नातलग. महाभारतातही ती येते. गदिमांनी ती उचलली आणि मराठीत अशी बसवली की १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ती ५६ गाणी यायला लागली तेव्हापासून ही ओळ म्हणीसारखी लोकांच्या तोंडी आहे.

पण हे गाणं हताश माणसाने म्हटलेलं नाही. प्रसंग आठवा, चित्रकूट आहे, भरत आलाय, वडील गेल्याची बातमी त्यानेच आणलीय, आपल्या आईमुळे हे सगळं झालं या लाजेने तो पार खचलाय. वडील रामाचेही गेलेत, आत्ताच कळलंय, आणि तरी तो धाकट्या भावाला समजावत बसलाय. कैकेयीचा दोष नाही, वडिलांचा दोष नाही, हे गाण्यात अगदी सुरुवातीला येतं आणि तेच त्याला सांगायचंय. भरता, हे तुझ्यामुळे झालेलं नाही. पराधीन वगैरे सगळं त्यासाठी आहे, भरताच्या छातीवरचं ओझं काढण्यासाठी. स्वतः राम हातपाय गाळून बसलाय का, नाही, तो चौदा वर्षांचा शब्द पाळायला तसाच पुढे निघालाय. आपण हे गाणं अंत्यदर्शनाला, शोकसभेला सुटं करून लावतो त्यामुळे समोरचा भरत दिसेनासा होतो आणि उरते ती नुसती हतबलता. तुमच्या वडिलांना ते का आवडत असेल ते मी कसं सांगणार, पण मोठ्या भावाच्या आवाजात ऐकलं तर कदाचित तुम्हाला ऐकवेल.

'घनश्याम सुंदरा' या भूपाळीत धारा, गायी, वासरं हे इतकं बारकाईने कसं? आणि होनाजी बाळा हे एकच नाव का? (कसबा पेठ)

कृष्णाची भूपाळी म्हणजे गोकुळ येणारच, पण होनाजी शिलारखाने स्वतः पुण्यातल्या गवळ्याच्या घरचे, पेशवाईच्या शेवटच्या काळातले. पहाटे गायी हंबरतात, वासरं आचळाकडे डोळे लावून उभी असतात, धारेचं भांडं घेऊन बसायचं असतं, हे त्यांना कुठल्या पुराणात वाचायला लागलं नसणार. नावं मात्र दोन आहेत, बाळा करंजकर हे त्यांचे जोडीदार, होनाजी रचायचे आणि बाळा गायचे, म्हणून मुद्रा, म्हणजे रचनेत गुंफलेलं नाव, दोघांची. आज जी चाल आपल्या कानात आहे ती १९५१च्या 'अमर भूपाळी' या चित्रपटातली, वसंत देसाईंची.

'ने मजसी ने' मध्ये शेवटी अगस्ती कशाला? (बारावीतली विद्यार्थिनी, हडपसर)

फर्ग्युसनमध्ये शिकून इंग्लंडला गेलेले सावरकर १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर आहेत आणि समुद्राशी भांडतायत, तू मला परत नेईन म्हणालास आणि फसवलंस. आधी विनवणी होते, मग तू नद्यांचा पती, तुझ्या नदीच्या विरहाची तुला शपथ असं होतं, तरी ऐकत नाही तेव्हा शेवटी धमकी. महाभारतात कालकेय दैत्य समुद्रात लपले तेव्हा अगस्ती ऋषींनी अख्खा समुद्र एका आचमनात पिऊन टाकला होता. माझी आई अबला नाही, ती अगस्तीला सांगेल, मग बघ. परीक्षेत 'पौराणिक संदर्भ' एवढंच लिहू नकोस, विनवणी ते धमकी हा चढ लिही, ती धमकी चालण्यासाठीच अगस्ती हवेत.

सिंहगडाच्या पोवाड्यातल्या घोरपडीवर दोन पत्रं आलीत, दोन्ही मोठी आहेत आणि जागा संपली, ती पुढच्या अंकात घेते. प्रश्न पाठवताना गाणं कुणाकडून आणि कुठे ऐकलं तेही लिहा, विशेषतः भोंडल्याचं असेल तर तुमच्या घरात शेवट कसा म्हणतात ते पूर्ण लिहून पाठवा.